चौथ्या ओळीइतका वेळ

गुरुजी, आज सकाळी इथं धुकं उतरलं होतं. समोरच्या घराची गच्ची दिसेना, रस्त्यावरचा दिवा दिसेना, आणि तुळजापूरकडं जाणारी पहिली एसटी नुसत्या आवाजावरून ओळखावी लागली. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो आणि डोळे जुन्या सवयीनं कामाला लागले, क्षितिज कुठं आहे, जमीन कुठं आहे. दोन्ही सापडलं नाही की माणसाचं शरीर आपल्या मनचं काहीबाही सांगायला लागतं. मला खुर्ची डावीकडं कलल्यासारखी वाटली. ती कललेली नव्हती, चारही पाय फरशीवर नीट होते. तरी वाटलं. एवढ्या एका गोष्टीवर मी आयुष्यभर पगार घेतला, की ढगात शिरल्यावर शरीर सांगतं ते ऐकायचं नाही, समोरच्या तबकड्यांवरचे काटे सांगतात ते ऐकायचं. आणि हेच दुसऱ्या वैमानिकांना शिकवायचं. तुम्हाला हे नव्यानं सांगायला नको. पण धुकं होतं, चहा यायला वेळ होता, आणि तुमच्याशी बोलायचं एक राहून गेलेलं आहे, म्हणून कागद घेतला.

तुमचा वर्ग मला अजून दिसतो. खरं तर दिसत नाही, ऐकू येतो, कारण कवितेच्या तासाला तुम्ही आम्हाला डोळे मिटायला लावायचात. “डोळ्यानं कविता वाचता येती, शिकता येत न्हाय. कानानं शिका.” निजामाचं राज्य जाऊन नुकतंच विलीनीकरण झालेलं, शाळेच्या दारावरची जुनी उर्दू पाटी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि तुम्ही स्वतः सगळं शिक्षण उर्दूत केलेले, आता आम्हाला मराठीतून भूगोल शिकवताना मध्येच ‘दर्या’ म्हणून जायचात आणि मग ‘नदी’ म्हणून दुरुस्त करायचात. कवितेत मात्र तुमची जीभ कधी अडली नाही. कविता तुम्ही लहानपणी आईच्या तोंडून ऐकल्या होत्या, असं एकदा म्हणाला होता. टेबलावर बोटानं ठेका धरायचात. लघू आला की नुसतं बोटाचं टोक, गुरू आला की अंगठी. ल, गा, गा. ल, गा, गा. भुजंगप्रयात मी कधी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो नाही, तुमच्या अंगठीवरून शिकलो. मिटल्या डोळ्यांच्या अंधारात ती अंगठी वाजायची आणि बाहेर देवळाच्या कळसावर घारी फिरत असायच्या. त्या मला डोळे मिटूनही दिसायच्या. हाच माझा दोष होता.

एक कविता तुम्ही फळ्यावर लिहून दिली होती. पुस्तकात नव्हती. कुणाची, ते तुम्ही कधी सांगितलं नाही, आणि मला अजून संशय आहे की ती तुमचीच असावी. 

निळ्या डोंगरांच्या पुढे माळ आहे
पुढे माळ आहे, तिथे वाट नाही
उभा एकटा लिंब सांगे कुणाला

आणि मग चौथी ओळ. पोरं एकेक करून उभी राहायची, पहिल्या दोन ओळी धडाधड यायच्या, तिसरीला जरा पाय घसरायचा, आणि चौथीच्या दारात पोरगं थांबलं रे थांबलं की तुम्हाला राहवायचं नाही. तुम्ही स्वतःच ती ओळ म्हणून टाकायचात. काय आवाज होता तो! शेवटचा गुरू लांबवताना तुमची मान किंचित तिरकी व्हायची. पोरगं सुटल्यासारखं खाली बसायचं, वर्ग तृप्त व्हायचा, तुम्हीही. कुणाला कळलंच नाही की अख्ख्या वर्गाला तीनच ओळी येतात. माझी पाळी आली तेव्हा मी तिसरीवरच अडकलो, खिडकीबाहेर बघत. “काय रे, आभाळात घर बांधायला निघालास का?” तुम्ही म्हणालात. “उतर खाली. लिंबाच्या झाडापाशी आलोत आपण.” वर्ग हसला. मग तुम्ही तिसरीही म्हणालात आणि चौथीही.

आभाळात घर नाही बांधलं, पण रोजी तिथली मिळाली. मॅट्रिकनंतर मामाकडं हैदराबादेला गेलो, विमान शिकवणाऱ्या एका क्लबात आधी कारकून म्हणून चिकटलो, मग हळूहळू, मामाच्या ओळखीनं आणि थोडं माझ्या हट्टानं, स्वतः शिकलो. वडलांना ते कधी खरं वाटलं नाही. तहसिलीतले जुने कारकून ते. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे जिथं टेबल असतं ती. क्लबात काही वर्षं काढल्यावर पडद्याखालचं उड्डाण शिकवणारा एक शिक्षक हवा होता, आणि मला त्या प्रशिक्षणाला उत्तरेत, गंगेकाठच्या एका गावी पाठवलं. जागा एकच. पास झालो तर क्लबातला शिक्षक. नापास झालो तर क्लबात दुसरं काही शिल्लक नव्हतं, आणि वडलांनी तहसिलीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलेलाच होता.

विमान दोन माणसांचं, एकापाठी एक बसायचं. शिकणारा मागं, आणि त्याच्या डोक्यावरून कापडी पडदा ओढलेला, छकड्याच्या टपासारखा. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. समोर फक्त तबकड्या. एकीत वेग, एकीत उंची, एकीत दिशा, एकीत वळणाची सुई, आणि मधोमध एका काचेत आडवी पांढरी रेघ. तिला कृत्रिम क्षितिज म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तुमची आठवण झाली होती, तुम्ही त्याच्यावर अर्धा तास बोलला असतात. पुढं बसलेल्या शिक्षकाला सगळं दिसत असतं, आभाळ, नदी, गावं. त्यानं बोलून शिकवायचं. हात लावायचा नाही. मी उडवण्यात चांगला होतो, हे सगळेच म्हणत. शिकवण्याच्या परीक्षेत परीक्षक स्वतः पडद्याखाली बसला आणि नवशिक्याचं सोंग घेऊन चुका करू लागला. फौजेतून निवृत्त झालेला, भरघोस मिशांचा माणूस. त्यानं डावा पंख जरा खाली सोडला आणि मी माझ्यासमोरची विमान वळवायची दांडी ओढून तो सरळ केला. त्यानं नाक वर जाऊ दिलं, मी खाली आणलं. त्याची चूक पुरती व्हायच्या आत ती मी दुरुस्त करून टाकत होतो, आणि मनात म्हणत होतो की काय झकास चाललंय! खाली उतरल्यावर त्यानं हातमोजे काढले, घडी केले आणि म्हणाला, “बेटा, आप सिखाते नहीं। आप उड़ाते हैं।” मला एक संधी अजून मिळाली, महिन्याभरानं. तोवर घरी जाऊन या, असं सांगितलं. 

सोलापूरहून तुळजापूरची गाडी भवानीच्या भक्तांनी भरलेली होती. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर जावळाचं पोर होतं, त्यानं सगळ्या वाटेत माझं बोट सोडलं नाही. घरी जेवताना वडील एवढंच म्हणाले, “तहसीलदार साहेब परवाच म्हणत होते, ती जागा अजून भरली न्हाय.” मी पुढचा घास घेतला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं आलो.

तुम्ही तेव्हा थकायला लागला होता, निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली. मी पडद्याचं, काट्यांचं सगळं सांगितलं. परीक्षकाचं वाक्य सांगितलं नाही, नुसतं जमलं नाही एवढंच म्हणालो. तुम्ही म्हणालात, “पण शरीराला कळत न्हाय म्हंजे काय? मी डोळे मिटून देवळापासनं घरापर्यंत येतो की. कुठं वळायचं ते माझ्या पायाला ठावं हाय.” मी म्हटलं, “गुरुजी, पायाखाली जमीन असते म्हणून कळतं. ती काढून घेतली की नाही कळत.” “बिलकुल कळंल.” “नाही कळणार.” मी तुम्हाला ‘नाही’ म्हटल्याचं ते पहिलं. तुम्ही काकूंकडं बघितलंत, काकू तांदूळ निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, “जावा की बघून या. रोज तुमीच शिकवता, एक दिवस शिकून या.” 

बाजारातल्या सलूनमध्ये गोल फिरणारी खुर्ची होती, तेवढीच आपल्या गावात. लातूरहून आणलेली, दुकानदाराचा त्या खुर्चीवर जीव. त्याला मी काय करायचं ते सांगितलं तेव्हा तो आधी खुर्चीकडं बघू लागला आणि मग तुमच्याकडं. “मास्तर, हळू घुमवतो म्हणत असला तर बसा. पर मोडली तर देवीच्या यात्रेला मी गिऱ्हाईक काय पाटावर बसवू का?” तुम्ही बसलात. तुमच्या खिशातली पांढरी दस्ती मी डोळ्यांवर बांधली. मग कुणीतरी म्हणालं, बाहेरचा आवाज कुठनं येतो त्यावरून कळंल की मास्तरांना. दुकानदारानं दोन अत्तराचे फाये काढून तुमच्या कानांत बसवले. मग खुर्ची कुरकुरायला लागली. तिच्या कुरकुरीवरनं कळंल, म्हणून त्यानं खोबरेल तेलाची बाटली घेऊन खाली वाकून तिच्या दांड्यात तेल सोडलं. एवढ्यात दुकानाबाहेर पंधरा-वीस माणसं. “मास्तर, इमान कुठं निघालंय, सोलापूरला का पुन्याला?” “तिकीट काढलं का?” “मास्तर, वरनं पडला तर आमच्या पोरांला पास करून पडा.”

मी एकसारख्या वेगानं, सावकाश, उजवीकडं खुर्ची फिरवू लागलो. ओरडून विचारलं, “कुठं फिरताय गुरुजी?” “उजवीकडं!” तुम्ही जोरात म्हणालात, कानात कापूस असल्यामुळं. लोक म्हणाले, बघा, मास्तरला कळतंय. मी तोच वेग ठेवून फिरवत राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तुम्ही जरा थांबलात आणि ठामपणे म्हणालात, “आता थांबलो.” खुर्ची फिरतच होती. बाहेर एकच हशा. तुम्हाला ऐकू आला नसावा, किंवा आला तरी कशाचा ते कळलं नसावं. मग मी खुर्ची धरून थांबवली, अगदी जागच्या जागी. आणि तुम्ही दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट पकडलेत आणि म्हणालात, “आरं आरं, डावीकडं का फिरवतोस? हळू!” हसून हसून दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दस्ती सोडली. समोर आरसा होता. आरशात तुम्ही स्वतःकडं बघत राहिलात, एका जागी, स्थिर. तुम्ही रागावला नाहीत. मला वाटलं होतं रागवाल.

आपण परत निघालो. कुंकवाच्या दुकानांवरून जाताना तुमच्या अत्तराचा वास घेऊन दोन ओळखीची माणसं थांबली आणि हसून गेली. मंदिराच्या उतारापाशी आल्यावर तुम्ही म्हणालात, “मी सांगू? मला वाटलं न्हाय की मी थांबलोय. मला खात्री व्हती.” मी म्हटलं, “सगळ्यांनाच असते.” “मग तुझ्या त्या पोराला, पडद्यातल्या, त्यालाबी खात्री असती.” “असते.” “आणि त्यो चुकतोय हे तुला दिसतं.” “दिसतं.” “मग तू काय करतोस?” मी म्हटलं, दांडी घेतो. “किती वेळानं?” “लगेच.” तुम्ही चालता चालता थांबलात. पायरीवर एक बाई परड्या मांडून बसली होती, तिच्या पलीकडं बघत तुम्ही म्हणालात, “ही खोड कुणाची रे?” मी म्हटलं, माझीच. तुम्ही मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला तेव्हा समजलं नाही. घरी पोचल्यावर काकू म्हणाल्या, “आगं बाई, नवरदेव होऊन कुठनं आलात?” आणि तुम्ही, “विमानातनं,” एवढं म्हणून आत गेलात. दारातून पुन्हा बाहेर येऊन मला म्हणालात, “उद्या कवितेच्या तासाला ये. माझ्याकडं बघायचं.”

मी आलो. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो, पोरं वळून वळून बघत होती, कारण मी विमानवाला होतो. तुमच्या वर्गात तेव्हा मुलीही बसायला लागल्या होत्या. तुम्ही तीच कविता काढलीत आणि डोळे मिटा म्हणालात, आणि एका मुलीला उभं केलंत. आदल्या दिवशी पायरीवर परड्या विकत बसलेल्या बाईची ती मुलगी. लाल रिबिनी, एक सुटलेली. तिनं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. तिसरीला आवाज बारीक झाला, पण पार झाली. “उभा एकटा लिंब सांगे कुणाला…” आणि थांबली. 

मी तुमच्याकडं बघत होतो, सांगितल्याप्रमाणं. तुमचं तोंड उघडलं. मग मिटलं. अंगठीचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो तुम्ही दुसऱ्या हातानं धरलात. असा धरलात जसं सलूनमध्ये खुर्चीचे हात धरले होते. गळ्यातली शीर हलत होती. पोरांनी एक एक करून डोळे उघडले, कारण ह्या जागी तुमचा आवाज यायला हवा होता आणि तो येत नव्हता. मुलगी तुमच्याकडं बघू लागली. तिलाही सवय होती की तुम्ही याल आणि सोडवाल. तुम्ही आला नाहीत. बाहेर देवळाची घंटा वाजली. माझे हात आपोआप दांडी शोधू लागले, जणू विमान तीच चालवत होती आणि पुढं मी बसलो होतो. माणसाला दुसऱ्याची चूक होताना बघत बसणं किती अवघड असतं, ते मी त्या दिवशी तुमच्या गळ्यावर बघितलं. मग तिनं डोळे गच्च मिटले, ओठ हलले, तिचं बोट पाटीवर वाजलं, ल गा गा, ल गा गा, आणि ती म्हणाली:

जरा थांब बाई, पुढे वाट येते

वर्ग फुटला. पोरं बाकांवर पालथी पडली. कारण ही ओळ सगळ्यांच्या ओळखीची होती, तिची आई दिवसभर पायऱ्यांवर बसून वाट विचारणाऱ्या बायकांना हेच सांगायची, जरा थांब बाई, पुढं वाट येती. पोरीनं फक्त ती वृत्तात बसवली होती. मुलीला चूक झाल्याचं कळलं आणि तिचा चेहरा पडला. तुम्ही हात सोडवलात, अंगठी एकदा टेबलावर वाजवलीत, वर्ग गप झाला. तुम्ही म्हणालात, “बस. मात्रा बरोबर हायत.” एवढंच. मूळ ओळ तुम्ही म्हटली नाहीत. त्या तासाला चौथी ओळ कुणीच म्हटली नाही.

तास सुटल्यावर व्हरांड्यात तुम्ही माझ्याशेजारी उभे राहिलात आणि उपरण्यानं मान पुसलीत. “चुकली,” तुम्ही म्हणालात, “पर पडली न्हाय. बघितलंस?” मी म्हटलं, बघितलं. “मला वाटलं माझा जीव जाईल,” तुम्ही म्हणालात, आणि हसलात. मग खिशातून ती पांढरी दस्ती काढून मला दिलीत, अत्तराचा वास अजून होता तिला. “घे. हातात काही असलं की हात राहतात.” 

दुसऱ्या परीक्षेला तोच परीक्षक. पडदा ओढला, वर गेलो, खाली गंगा वाळूत पसरलेली, सकाळचं ऊन. दस्तीचं एक टोक माझ्या डाव्या मुठीत, दुसरं उजव्या मुठीत, दोन्ही हात मांडीवर. त्यानं डावा पंख खाली सोडला. विमान गिरकीत शिरू लागलं की वेग वाढतो, उंचीचा काटा मागं फिरतो, आणि पडद्याखालच्या माणसाला वाटतं आपण सरळच चाललोय. मी त्याच्या कानापर्यंत जाणाऱ्या बोलायच्या नळीतून फक्त एवढं विचारलं, “सुइयाँ क्या बोल रही हैं?” आणि गप्प बसलो. गप्प बसायचं म्हणजे किती, ह्याचं उत्तर पुस्तकात उंचीच्या आकड्यांत दिलेलं असतं, ते मला पाठ होतं. पण शरीराला आकडे कळत नाहीत. त्याला काहीतरी म्हणायला लागतं. मी मनात ओळ म्हटली, तुमच्या ठेक्यावर, लघूला टोक, गुरूला अंगठी, आणि शेवटच्या गुरूला पंख हळूहळू वर आला. त्यानं आणला. मी नाही. पुढं त्यानं तीच चूक पुन्हा केली, आणि ह्या वेळी ओळ संपली तरी पंख वर आला नाही, उंची सुटत होती. तेव्हा मी दस्ती सोडली आणि दांडी घेतली. उतरल्यावर हातमोज्यांची घडी करत तो म्हणाला, “अब ठीक है। दोनों बार ठीक था।” वडलांनी मग तहसिलीतल्या जागेचा विषय पुन्हा काढला नाही. ती जागा पुढं कुणाला मिळाली हे मी विचारलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी तेच काम केलं. मुलं आली, शिकली, ढगांत गेली, बहुतेक सगळी नीट बाहेर आली. त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नाही की त्यांच्या पुढच्या खुर्चीत बसलेला मराठी माणूस त्यांच्या चुकीच्या वेळी मनात एक ओळ म्हणत असे आणि ती संपेपर्यंत हात आवरत असे. दस्ती विरली, मग तिचा तुकडा, मग तोही गेला. ओळ राहिली. तुम्ही गेल्याचं कार्ड मला फार उशिरा, कलकत्त्याला असताना मिळालं. तेव्हा मी काय केलं ते आठवत नाही. दुपारी उड्डाण होतं, ते केलं असणार.

आता जे राहून गेलंय ते. पास झाल्यावर पुढच्या वर्षी मी गावी आलो होतो. निघताना तुम्ही गाडीपर्यंत पोचवायला आलात, काठी घेऊन, सावकाश. मला विचारलंत, “मग, किती वेळ थांबलास शेवटी?” मी म्हटलं, “एक ओळ.” “कुठली?” मी म्हटलं, “चौथी.” तुमचा चेहरा असा काही उजळला की मला पुढचं बोलता आलं नाही. तुम्हाला वाटलं, तुमची; मी म्हणत होतो ती त्या पोरीची. तुम्ही तिथंच, एसटीच्या दाराशी, कंडक्टर आणि परड्या घेतलेल्या बायका आणि एक कुत्रं ह्यांच्यासमोर तुमची ती ओळ मोठ्यानं म्हणालात, पहिल्यासारखी, शेवटचा गुरू लांबवून, मान तिरकी करून. कंडक्टरनं घंटी दिली. मी तुमच्याकडं बघत होतो, तुमच्या मानेकडं, आवाजाकडं, आणि तेव्हाही माझं ओळीकडं लक्ष नव्हतं.

तुमची ओळ मला आठवत नाही, गुरुजी. कधीच येत नव्हती. ह्या कागदावर मघाशी तिच्यासाठी मी जागा सोडायला हवी होती, ती सोडली नाही, आता इथं सोडतो आहे. ती मुलगी उमरग्याला असते, नातवंडांची आजी झाली आहे, तिला विचारलं तर कदाचित सांगेल. विचारलेलं नाही. धुकं निवळलंय, समोरची गच्ची दिसायला लागली आहे. मी थोडा वेळ थांबून बघतो.